दिवाणी कैद्याच्या जेवणाचे पैसे

कोर्टात जिंकलं की पैसे मिळतात, असं मला खरंच वाटत होतं. निकालाच्या दिवशी अंबडच्या कोर्टाबाहेर मी अर्धा किलो पेढे वाटले. वकीलसाहेबांना दिले, त्यांच्या कारकुनाला दिले, टपरीवाल्याला दिले, परतीच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या हातावरही एक ठेवला. जालन्यात उतरल्यावर आणखी अर्धा किलो घेतले आणि आमच्या गल्लीत घरोघर फिरले. मालक मागून म्हणत होते, "अगं, पैसे हातात तर येऊ दे. बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी, असं नको करू." मी ऐकलं नाही. ठेकेदारानं मला दोन लाख चाळीस हजार द्यावेत, असं न्यायाधीशानं सांगितलं होतं. न्यायाधीशापेक्षा आमचे मालक मोठे का?

एमआयडीसीत माझी खानावळ आहे. पत्र्याच्या दोन खोल्या, चार बाकडी आणि मागे चूल. गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच. हा ठेकेदार बिहारकडची बारा माणसं घेऊन आला होता, रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळ कामाला. त्यांचे दोन वेळचे डबे माझ्याकडे लागले. सुरुवातीला पैसे वेळेवर आले. मग "मावशी, बिल अडकलंय" सुरू झालं. मी तेव्हाच डबे बंद करायला हवे होते, हे मला आजवर शंभर जणांनी सांगितलंय. पण भट्टीपुढं आठ तास उभा राहून आलेला माणूस दारात रिकामा डबा धरून उभा असताना त्याला 'तुझ्या ठेकेदाराला विचार' म्हणायची छाती माझ्यात नव्हती. असे आठ महिने गेले आणि एका सोमवारी माणसं आली नाहीत. ठेकेदारानं त्यांना दुसऱ्या मिलला, दुसऱ्या खानावळीला नेलं होतं. एक गोष्ट मी शहाणपणाची केली होती. दर महिन्याच्या हिशोबाखाली त्याची सही घेत होते. त्या आठ सह्यांवर मी दावा जिंकला, तीन वर्षांनी.

त्या आठ महिन्यांत बारा माणसांनी जे खाल्लं ते पीठ, ती डाळ, ते तेल मी किराणा शेठकडून उधार आणलेलं होतं. शेठची उधारी ऐंशी हजारांवर गेली होती. मी त्याला सांगायची, "शेठ, केस चालू आहे, निकाल लागला की देते." तो थांबला होता. नवा माल देतही होता, आठवड्याचा आठवड्याला. म्हणून खानावळ चालू होती. पेढे वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शेठ स्वतः खानावळीत आला. इतक्या वर्षांत तो कधी आला नव्हता. उरलेला पेढा मीच त्याला दिला. त्यानं तो सावकाश खाल्ला, बोटं रुमालाला पुसली आणि विचारलं, "बधाई हो बाई. मंग, कधी येऊ?"

मी म्हणाले, महिनाभरात. शेठ म्हणाला, "महिना कशाला, दिवाळीपर्यंत थांबतो मी. पण एक सांगतो. पाडव्याला आमची नवी वही सुरू होते. जुन्या वहीतली उधारी नव्या वहीत न्यायची न्हाई, असा आमच्या वडिलांपासूनचा नियम हाय. दिवाळीला खातं मिटलं न्हाई, तर पाडव्यापासून माल बंद." भांडण नाही, आवाज नाही. शेठचा माल बंद म्हणजे माझी खानावळ बंद, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पेढ्यांनी घात केला. गप्प बसले असते तर केस अजून चालू आहे असं आणखी वर्षभर सांगता आलं असतं.

वकीलसाहेबांकडे गेले तेव्हा त्यांनी समजावलं, "ताई, निकाल म्हणजे कागद. तो देत नसेल तर आता दरखास्त लावायची."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जे आपण जिंकलो, ते वसूल करून द्या असा कोर्टाला परत अर्ज."

मी म्हणाले, "मग इतके दिवस आपण काय खो-खो खेळत होतो?" वकीलसाहेब हसले. मी हसले नाही.

दरखास्त लागली, जप्तीचं वॉरंट निघालं. त्याचं घर अंबडच्या अलीकडं एका गावात. भर पावसाळ्यात मी टेम्पो भाड्यानं केला, सामान आणायला. कोर्टाचा बेलीफ होता, दोन पंच होते, जप्तीच्या सामानाला लावायला नवं कोरं कुलूप होतं. बेलीफ निवृत्तीला आलेला, काटकुळा, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. आदल्या दिवशीच त्यानं मला नियम सांगितला होता. "बाई, माल तुम्ही दाखवायचा. माह्या मनानं मी कशालाच हात लावत न्हाई. उद्या बालंट येतं." म्हणजे त्याच्या घरात उभं राहून, त्याच्या बायकोदेखत, 'हे घ्या, ते घ्या' असं बोट मलाच दाखवायचं होतं. रात्रभर मी मनात त्याची तालीम केली होती. फ्रीज, टीव्ही, मोटारसायकल, कपाट.

घरात गेलो तर भिंतीवर टीव्हीचा खिळा होता, टीव्ही नव्हता. फ्रीजच्या जागी फरशीवर पांढरा चौकोन होता. ठेकेदार घरी नव्हता. बायको दारात पदर धरून उभी, तिशीतली. बेलीफानं एकेक वाचून दाखवलं. घर आईच्या नावावर. ट्रॅक्टर भावाच्या. राहिली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे आणि बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र. यांना कायद्यानं हात लावता येत नाही. "मग उरलं काय?" मी विचारलं. बेलीफ पावसाकडं बघत राहिला. निघताना माझं लक्ष शेजारच्या घराकडं गेलं, ते त्याच्या सख्ख्या भावाचं. ओसरीत दोन फ्रीज शेजारी शेजारी उभे होते. मी बोट दाखवलं. बेलीफ म्हणाला, "ते घर वॉरंटात न्हाई, बाई."

टेम्पो रिकामा परत आला. भाडं मात्र भरल्या टेम्पोचं. घरी आल्यावर मी ते नवं कुलूप भिंतीवर फेकलं आणि रडले. मालकांनी ते उचलून माळ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "सोडून दे आता. दुसरी खानावळ काढू, लहान." दुसरी कशाच्या जिवावर काढणार होतो, हे त्यांनी सांगितलं नाही.

ती दिवाळी आली. मी शेठच्या पायावर डोकं ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यानं एक वर्ष वाढवून दिलं, आणि सांगितलं की त्याच्या बापाचा नियम त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मोडलाय, पुन्हा मोडणार नाही. त्या दिवसापासून मी मालकांनाच मालाला धाडू लागले. बाजारात गेले तरी शेठच्या दुकानावरून जात नसे. मागच्या गल्लीनं, डुकरं आणि गटार ओलांडत जायची.

मग एक गोष्ट झाली. माझ्याकडं दस्त लिहिणाऱ्याचा एक कारकून जेवायचा. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "मावशी, तुमच्यावाल्या ठेकेदारानं प्लॉट विकला की. आम्हीच खरेदीखत लिहिलं." माझ्या हातातली पळी तशीच राहिली. प्लॉट कधी विकला, तर माझा निकाल लागल्यानंतर दोन महिन्यांनी. म्हणजे ज्या दिवशी मी त्याच्या फरशीवरचा चौकोन बघत होते, त्या दिवशी त्याच्याकडं माझ्या पैशांच्या चौपट पैसे होते. मी त्या खरेदीखताची नक्कल काढली आणि वकीलसाहेबांच्या टेबलावर आपटली. ते पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले.

"ताई, आता रस्ता आहे. पैसे असून देत नाही, हे सिद्ध झालं तर कोर्ट त्याला दिवाणी कैदेत टाकू शकतं. तीन महिन्यांपर्यंत."

मी हात जोडले. मग ते घसा साफ करून म्हणाले, "फक्त एक आहे. आत असेपर्यंत त्याच्या जेवणाचा खर्च आपल्याला भरावा लागतो. महिन्याचा आगाऊ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कोणाच्या जेवणाचा?"

"त्याच्या."

"माझ्या पैशानं?"

"कायदा तसा आहे, ताई. तुम्ही त्याला आत ठेवायला सांगताय ना."

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याची बारा माणसं आठ महिने माझ्या हातचं जेवली, त्याचे पैसे त्यानं बुडवले, ते मागायला मी चार वर्षं अंबडच्या एसटीत हाडं खिळखिळी केली, आणि आता त्यालाच मी जेवू घालायचं! वकीलसाहेबांचा कारकून बाहेर जाऊन उभा राहिला. माझा आवाज संपल्यावर वकीलसाहेबांनी आणखी एक सांगितलं. पुढच्या महिन्याचे पैसे वेळेत भरले नाहीत तर त्याला सोडून देतात. आणि एकदा असा सुटला की याच निकालासाठी त्याला पुन्हा अटक होत नाही. "म्हणजे एकदाच संधी आहे. विचार करून सांगा."

शेठला दिवाळीआधी काहीतरी द्यायचं म्हणून मी थोडे थोडे पैसे बाजूला काढत होते. एका महिन्याच्या जेवणाला आणि जीपच्या भाड्याला ते पुरणार होते, दुसऱ्या महिन्याला नाही. मालक म्हणाले, "तेच पैसे शेठला दे, पाया पड, अजून मुदत माग." मी म्हणाले, "मुदत मागून मागून माझं तोंड झिजलं." आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं.

ठेकेदाराला नोटीस गेली, त्यानं येऊन आपण कंगाल आहोत असं शपथेवर सांगितलं, वकीलसाहेबांनी खरेदीखत पुढं केलं, आणि अटकेचं वॉरंट निघालं. कोर्टात पैसे भरून घेणाऱ्या नाझरकडं मी त्याच्या महिन्याच्या जेवणाचे पैसे मोजले. दिवाळीला तेव्हा दीड महिना होता.

पण माणूस सापडेना. दिवाणी वॉरंटवर सूर्य मावळल्यावर घरात शिरता येत नाही, आणि त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. अंधार पडल्यावर घरी यायचा आणि उजाडायच्या आत निघून जायचा. बेलीफ दोनदा जाऊन हात हलवत परत आला. "बाई, तो दिवसा कुठं जातो देवाला ठाऊक. मिलवर बी दिसत न्हाई."

मी चुलीपुढं बसून विचार करत होते तेव्हा एकदम सुचलं. तो माझ्याकडं आठ महिने स्वतःही जेवला होता, फक्त गुरुवार सोडून. बुधवारी माझ्याकडं मटण शिजतं, म्हणून गुरुवारी माझ्या भांड्यातलं त्याला चालत नसे. बाहेरचं काहीच चालत नसे. काम कितीही असो, गुरुवारी दुपारी तो गाडीला किक मारून घरी जायचा, बायकोच्या हातची भगर आणि शेंगदाण्याची आमटी खायला. घेणेकऱ्याला चुकवता येतं, कोर्टाला चुकवता येतं, पण गुरुवार? मी बेलीफाला फोन केला. "साहेब, गुरुवारी दुपारी एक वाजता."

त्या गुरुवारी जीप गावाबाहेर वडाखाली उभी करून आम्ही चालत गेलो. अंगणात त्याची मोटारसायकल होती. दार उघडंच होतं. तो पाटावर बसला होता, पुढं ताट, ताटात वाफाळलेली भगर, आणि त्याचा हात आमटीत. आम्हाला बघून हात तसाच थांबला.

बेलीफानं वॉरंट काढलं. "चला, उठा."

तो उठणार, तेवढ्यात माझ्याच तोंडून निघालं, "थांबा साहेब. ताटावरून उठवू नका."

बेलीफ माझ्याकडं वेड्यासारखा बघायला लागला. "बाई, हा सटकला तर मी जबाबदार न्हाई."

"नका होऊ." पण मला ते जमणारच नव्हतं. माझ्या खानावळीत माणसं एकमेकांची डोकी फोडायला उठलीत, तेव्हाही मी म्हटलंय की आधी ताट संपवा. जेवत्या माणसाला उठवणं माझ्या हातून होणार नाही, मग तो कोणी का असेना. मी आत गेले आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसले. बेलीफ पुढच्या दारात उभा राहिला.

ठेकेदारानं माझ्याकडं बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूच हसू आलं. त्याला माझी नस सापडली होती. "वाढ गं," तो बायकोला म्हणाला. तिनं वाढलं. तो एकेक घास असा चावू लागला की दात नसलेला म्हातारा बरा. उजवा हात ताटात, डावा हात फोनवर. पुन्हा भगर मागितली. मग दही मागितलं. मग गूळ. बेलीफ घड्याळ बघत होता. कोर्ट उठायच्या आत ठेकेदाराला न्यायाधीशासमोर उभं करायचं होतं, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अर्ध्या तासात अंगणात माणसं जमली. त्याचा भाऊ आला, त्याच्याबरोबर पाच-सहा जण. एकानं मोटारसायकल आणून दारातच आडवी लावली. भाऊ ओरडला, "उपवासाच्या दिवशी घरात घुसून राह्यले? त्या बाईला कामून आणलं रे इथं? तंगडं मोडून पाठवा तिला." मी उंबऱ्यावरून हलले नाही. शूर होते म्हणून नाही, उठले असते तर तो मागच्या दारानं सटकला असता. मनात एकच चालू होतं: मूर्ख बाई, उठवला असता तर आत्ता जीपमध्ये असता. तुझी खानावळ तू एका ताटापायी घालवलीस.

"अजून वाढ," ठेकेदार म्हणाला. चौथ्यांदा.

बायको हलली नाही. त्यानं मान वर केली. "ऐकू येत न्हाई का? वाढ."

तिनं चुलीवरचं पातेलं उचललं, त्याच्यासमोर आणलं आणि जमिनीवर पालथं केलं. एक शीत पडलं नाही. ती त्याच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती. प्लॉट विकल्याचं तिलाही कोर्टातूनच कळलं होतं, हे मला पुढं गावातल्या लोकांकडून समजलं. त्या वेळी एवढंच दिसलं की पातेलं रिकामं आहे. आणि पातेलं रिकामं झालं की पंगत उठते, यात माझ्या धंद्यात दोन मतं नाहीत.

मी म्हणाले, "झालं जेवण. आता हात धुवा आणि चला."

भाऊ पुढं सरसावला. तेव्हा त्या काटकुळ्या बेलीफानं पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढलं आणि अगदी थंडपणे विचारलं, "नाव सांग तुझं. सरकारी कामात आडवा आला म्हणून लिहितो. बापाचं नावबी सांग." भाऊ दोन पावलं मागं गेला. बाकीचे तर त्याच्याही आधी पांगले. आडवी गाडी ठेकेदारानं स्वतःच बाजूला घेतली.

जीपमध्ये तो माझ्यासमोरच बसला. गाव मागं पडल्यावर शांतपणे म्हणाला, "मावशी, घाला खाऊ महिनाभर. तुमची थैली किती खोल हाय ते मला बराबर ठाऊक हाय. दुसरा महिना तुम्हाला झेपत न्हाई. दिवाळी मी घरीच करीन." न्यायाधीशांनी विचारलं, पैसे भरतोस का, तर नाही म्हणाला. संध्याकाळी त्याला जालन्याच्या जेलमध्ये आणलं.

तसा महिना आयुष्यात पुन्हा न आला तर बरा. जेवायला येणारी पोरं चेष्टा करायची, "मावशी, आज ठेकेदाराला कोणती भाजी?" पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा लाटणं उगारलं. सकाळी कणीक मळताना वाटायचं, तो आता माझ्या पैशाचा चहा पीत असेल. रोज एक दिवस कमी व्हायचा, आणि त्याच्या घरून पैशांचा एक शब्द येत नव्हता. तो तिथं बसून दिवस मोजत होता आणि मी इथं. त्याचा हिशोब बरोबर होता, हेच मला जाळत होतं. माझी थैली किती खोल आहे हे त्याला ठाऊक असणारच. त्यानंच ती रिकामी केली होती.

महिना संपायला तीन दिवस राहिले. दिवाळीला आठ. त्या तीन दिवसांत नाझरकडं दुसरा महिना भरला नाही तर तो सुटणार, कायमचा. आणि पाडव्याला शेठचा माल बंद. मालक गाडी विकायला निघाले. ती विकली तर डबे कशावर पोचवायचे? मी त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि बाजारात गेले. आणि किती दिवसांनी कोण जाणे, पुढच्या रस्त्यानं, शेठच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले.

दुकानात गर्दी होती. शेठनं चष्म्यावरून बघितलं. "या. आज गल्ली चुकली वाटतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे त्याला माहीत होतं. मी मागच्या गल्लीनं जाते, हे तो वर्षभर गादीवर बसून बघत होता. आणि मी ठेकेदाराला बुडव्या म्हणत फिरत होते, जो अंधारात घरी येतो आणि उजाडायच्या आत निघतो. त्याच्यात आणि माझ्यात त्या क्षणी मला काही फरक दिसेना.

माझ्या पोटात होतं ते सगळं मी सांगून टाकलं. गिऱ्हाईकं ऐकत होती, ऐकू दे. "शेठ, तुमच्यासाठी ठेवलेले पैसे मी त्याच्या जेवणात घातले. आता माझ्याजवळ काही नाही. तुमचे ऐंशी हजार या दिवाळीला मी देऊ शकत नाही. आणि वर आणखी मागायला आलेय. एक महिना त्याला आत ठेवायचे पैसे द्या. देणार नसाल तर तसं सांगा, पण मी आता गल्लीनं जाणार नाही."

शेठनं एका गिऱ्हाइकाला पाव किलो शेंगदाणे बांधून दिले. मग विचारलं, "तो दिवाळी घरी करतो म्हनला?"

"हो."

"तुम्हाला कोनी देनार न्हाई, असं धरून बसला हाय तो." शेठनं गल्ला उघडला. "बसू द्या."

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी नाझरसमोर दुसऱ्या महिन्याचे पैसे ठेवले. त्याच संध्याकाळी ती बातमी जेलमध्ये पोचली असणार. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा मेहुणा कोर्टात आला, दोन लाख चाळीस हजार आणि वर खर्च भरायला. मोजायला कारकुनाला अर्धा तास लागला. वकीलसाहेब म्हणाले, "ताई, पेढे?" मी म्हणाले, "आधी माझ्या खात्यात जमा होऊ द्या." ते सोपस्कार होईस्तोवर पाडवा उलटला. शेठनं तेवढे दिवस जुनी वही उघडी ठेवली. पैसे आले त्या दिवशी मी त्याची पै न पै दिली, जेलच्या पैशांसकट.

मधे, दिवाळीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या वेळेला खानावळीच्या दारात मोटारसायकल थांबली. मेहुण्याच्या मागं बसलेला ठेकेदार होता, जेलमधून सुटून सरळ आलेला. दाढी वाढलेली, अंगावर अटकेच्या दिवसाचाच शर्ट. जेवणारी पोरं घास हातात धरून थांबली. मालक मागून येऊन माझ्या शेजारी उभे राहिले, हातात सांडशी. भांडणाला आला असंच सगळ्यांना वाटलं, मलाही.

तो आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "मावशी, एकच इचारायचं व्हतं. दुसऱ्या महिन्याचे पैसे कुठून आनले?"

"उधार आणले," मी म्हणाले. "मला अजून मिळतं."

तो वळला आणि मेहुण्याच्या मागं गाडीवर बसून गेला. पोरं हसायला लागली, मालकांनी सांडशी खाली ठेवली. मला इतका आनंद झाला की खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. ती उधारी मागायला दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना मला किती वेळ लागला होता, ते मात्र मी त्याला सांगितलं नाही.